तेल प्यालेलं कापड

जवसाचं तेल उकळायचं ते घरापासून लांब, आणि एकदा कढई चढवली की तिथून उठायचं नाही. मला हे शिकवणारे उस्ताद बेळगावच्या खासबागेतले. जातीचे सुतार, पण रंधा-करवत सोडून नुसतं पॉलिश करायचे. सगळं शिकवून झाल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तेल पुसलेला बोळा कधी गोळा करून ठेवायचा नाही. एक तर पाण्यात टाकायचा, नाहीतर कुंपणावर सुटा पसरून कडक वाळू द्यायचा. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "माझ्या उस्तादानं सांगितलं न्हाय, मी बी इचारलं न्हाय." मग मीही कित्येक वर्षं न विचारता बोळे पसरत राहिलो. कारण कळलं ते निपाणीत. लाकडाच्या धंद्यात इतकी वर्षं गेली, पण त्या घरातल्यासारखा काटा पुन्हा कधी अंगावर आला नाही.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. एरवी आम्ही लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करायचो. लढाईत स्पिरिट मिळेना, बेळगावच्या पेठेत चांगली लाखही दिसेना. तेव्हा उस्तादांची जुनी तेलाची रीत परत काढावी लागली. ती थोडी समजावून सांगतो, म्हणजे पुढचं ध्यानात येईल.

लोखंडी कढईत जवसाचं तेल घ्यायचं आणि मंद जाळावर ठेवायचं. फेस येतो, तो बसेपर्यंत थांबायचं. मग मुरदाडशिंगाची, म्हणजे शिशाच्या भस्माची पूड फडक्यात बांधून ती पुरचुंडी तेलात लोंबकळत सोडायची. तिच्यामुळं तेल लवकर सुकतं. कोंबडीचं पीस बुडवून बघायचं, ते आक्रसून करपलं की तेल झालं. दुसऱ्या भांड्यात राळ वितळवायची आणि गरम असतानाच तेलात ओतायची. कढई उतरवून, विस्तवापासून बाजूला नेऊन, निवत आल्यावर टर्पेंटाईन घालायचं. दोन बोटांत थेंब घेऊन बोटं फाकवली आणि मधे तार आली, की व्हार्निश जमलं. ते बोळ्यानं लाकडावर चोळायचं, लाकूड पिईल तितकं पाजायचं आणि उरलेलं कोरड्या कापडानं पुसून काढायचं. चोळायला लागतं त्याहून किती तरी जास्त कापड पुसायला लागतं.

या तेलाचा स्वभाव वेगळा. पाणी उडून जातं म्हणून वाळतं. हे तेल उडून जात नाही. ते हवेतलं काहीतरी ओढून घेतं आणि घट्ट होतं. अर्धा भरलेला डबा झाकण लावून काही दिवस ठेवा, झाकण आत ओढलं जातं. उघडताना, दम कोंडलेल्या माणसानं श्वास घ्यावा तसा आवाज येतो. नवखा माणूस दचकतो. मीही पहिल्यांदा डबा हातातून सोडला होता.

निपाणीचं काम एका कापडदुकानदाराचं होतं. मूळ विणकरांचं घराणं, आता पेठेत लुगड्यांचं दुकान. घरमालकांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्या बायकोला थोरल्या आक्का. मुलगा शंकर, आणि त्याची बायको शेवंता. ही बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या विणकराची लेक. जुन्या घरावर नवी सागवानी माडी बांधली होती. तिचे दरवाजे, जिना, झोपाळ्याची फळी, कपाटं अशी सगळी लाकडं तेल पाजायची होती. आधी एक कारागीर येऊन गेला होता. तो काम अर्धं टाकून पळाला, एवढंच मला बेळगावात कळलं होतं.

घरात शिरलो तर प्रत्येक दाराशी पाण्यानं भरलेली घागर. जिन्याच्या तळाशी एक, माडीवर एक, देवघरापुढंही एक. गाद्या आणि वाकळा सगळ्या अंगणात उघड्यावर. दोरीवर लुगडी वाळत होती, त्यांना काळ्या कडांची भोकं, काहींवर ठिगळं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आणि सगळ्यांची नजर सूनबाईवर. ती विहिरीवर गेली की नजर तिकडं, आत आली की आत. ती स्वतः चालताना हात पदराखाली मुठी वळून धरायची. दोरीजवळून जायची वेळ आली तर अंग चोरून, लुगड्याला आपला स्पर्श होणार नाही अशी जायची.

अण्णांनी मला माडीवर नेलं आणि दार लोटून घेतलं.

"मिस्त्री, तुमास्नी आधी सांगितलेलं बरं," ते म्हणाले. "आमच्या घरात जाळ लागतोय. कुणी लावत न्हाय. लागतोय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. माडीचं काम सुरू झाल्यावर हे सुरू झालं. बंद खोलीत वाकळांचा ढीग पेटलेला सापडला. मग जिन्याखालची पाटी. मग दुकानातून आणून ठेवलेल्या लुगड्यांचा गठ्ठा. दिवसाढवळ्या, घरात माणसं असताना, चूल लांब असताना. पहिला कारागीर घाबरून गेला. त्याच सुमाराला शेवंता पंचमीला माहेरी गेली होती, ती बरेच दिवस तिकडंच राहिली. तेवढ्या काळात घरात ठिणगी पडली नाही. गल्लीनं काय ते ओळखलं. ही भानामती आहे, आणि ती सुनेच्या अंगावर आहे. तिच्या माहेरनं सुताची गाठोडी येतात, त्यांतून ती घरात शिरते.

सुताचं मात्र खरं होतं. लढाईत कापडाची टंचाई, पुसायला चिंध्याही मिळेनात. म्हणून शेवंताचा बाप मागावरचं तुटकं, गुंतलेलं सूत गाठोडं बांधून पाठवायचा. पहिल्या कारागिरालाही तेच होतं, मलाही तेच आलं. मी बेळगावहून आलो त्याच मोटारीनं शेवंता परत आली होती, आणि गाठोडं तिच्याच मांडीवर होतं.

मी भूतखेत मानणारा नव्हतो आणि न मानणाराही नव्हतो. काम सुरू केलं. संध्याकाळी बोळे मागच्या काट्याच्या कुंपणावर पसरायचे आणि मुक्कामाला जायचं. सकाळी येऊन पाहिलं तर बोळे नसायचे. शेळ्या ओढून नेत असतील किंवा वाऱ्यानं उडत असतील असं मी धरून चाललो.

काही दिवस सुखाचे गेले. मग एकदा जेवणं उरकून बायका भांडी घासत होत्या, आणि मी माडीवरच्या दाराला तेलाचा हात मारत होतो, तेव्हा मला वास आला. राळ कढईच्या तळाला लागून करपावी तसा. माझी कढई तर गावाबाहेर होती. मी खाली धावलो. जिन्याशेजारच्या कोठीच्या फटीतून धूर येत होता. शंकरनं दार उघडलं तसा आतला जाळ हवा मिळाल्यासारखा उभा राहिला. घागरी ओतल्या. जुन्या वाकळा, एक पाटी, भिंतीवरचं एक लुगडं, सगळं गेलं. राखेत काही शिल्लक राहिलं नाही.

वळून बघतो तर शेवंता विहिरीजवळ उभी. दोन्ही हात पुढं केलेले, तळवे वर. काही नाही माझ्याकडं, असं दाखवत. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी देवरशाला बोलावणं गेलं. अमावस्येला तो येणार आणि शेवंताच्या तळहातावर पेटता कापूर ठेवणार असं ठरलं. अंगावरचं जे असेल ते बोलेल, आणि मग तिला अंगावरच्या लुगड्यानिशी शहापूरला पोचवायचं, ते कायमचं. हे थोरल्या आक्कांनी ठरवलं. अण्णा उठून दुकानाकडं गेले. शंकर अंगणात उभा राहून नखं कुरतडत होता. शेवंतानं सगळं ऐकलं आणि मान हलवली, बाजारातून मीठ आणायला सांगितल्यावर हलवावी तशी.

अमावस्या जवळ आली तरी काम चालूच होतं. एका दुपारी मी कुंपणाकडं गेलो, सकाळचे बोळे वाळले का बघायला. तिथं थोरल्या आक्का एकेक बोळा काट्यांतून सोडवून पदरात घेत होत्या.

मी विचारलं, "आक्का, ह्यांचं काय करताय?"

त्यांना वाटलं मी हक्क सांगतोय. जरा ओशाळून त्या म्हणाल्या, की रॉकेल मिळत नाही, लाकडं ओली, आणि या बोळ्यांनी न्हाणीचा बंब झटक्यात पेटतो. टाकून देण्यापेक्षा बरं. पहिल्या कारागिराच्या वेळेपासून त्या गोळा करत होत्या.

"ठेवता कुठं?"

"ठेवते आपलं पाटीत दाबून. वरनं वाकळ टाकते, वास यीऊ न्हाई म्हनून. कवा जिन्याखाली, कवा कोठीत. एका जागी ठिवलं की पेटतंय न्हवं, म्हनून जागा बदलत असते."

शेवटचं वाक्य त्या अगदी सहज बोलल्या. मी त्यांना म्हणालो, आत्ताची पाटी दाखवा.

पाटी मागच्या अंधाऱ्या खोलीत होती. आदल्या संध्याकाळचे बोळे तिच्यात ठासून भरलेले, वर वाकळ. मी वाकळ बाजूला केली आणि हात घातला. वरचे बोळे गार होते. हात आणखी खाली गेला तसं कोमट लागलं. तळाशी पोचलो तर ऊब होती, खुडुक बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली हात गेल्यावर लागते तशी. चूल घराच्या दुसऱ्या टोकाला. खोलीला खिडकी नाही, ऊन नाही. आणि या कापडाच्या पोटात कसली तरी ऊब, वाढत चाललेली.

उस्तादांनी सांगितलेलं मला आठवलं ते नंतर. आधी भीतीच वाटली. आपण रोज हातानं चोळतो ते हे तेल, घरी बायको माझ्या सदऱ्याला ज्याचा वास येतो म्हणून कुरकुरते ते हे तेल, आणि ते इथं अंधारात बसून स्वतःच तापतंय. मी पाटी उचलून बाहेर आणली आणि अंगणात उलटी केली. मधला एक बोळा तांबूस झाला होता, भाजल्यासारखा. हवेत येताच त्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि विरली.

आक्कांनी ती पाहिली की नाही मला कळलं नाही. त्या वळून आत गेल्या.

अण्णांना मी सगळं सांगितलं. हे तेल सुकताना तापतं. सुटं असलं तर ऊब हवेत निघून जाते, दाबून झाकलं तर आतच साठते, आणि सूत तर पेटायला टपलेलंच. हे मी त्यांना सांगत होतो तसं मलाही पहिल्यांदाच नीट समजत होतं. अण्णांनी ऐकून घेतलं.

"आसंल," ते म्हणाले. "पर गावाला कळलंय, देवरशी येनार. नुस्तं सांगून कोन ऐकनार? डोळ्यांनी दिसलं पायजे."

अमावस्येला देवरशी सकाळीच आला. उतारवयाचा, शांत माणूस. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, आधी मिस्त्रीचं होऊ द्या, माझा कापूर कुठं पळत नाही. शेवंताला शेजारच्या घरी पाठवलं आणि गल्लीतल्या दोन बायका तिच्याजवळ बसवल्या, म्हणजे तिचा हात लागला असं कुणी म्हणायला नको. मी सगळ्यांसमोर झोपाळ्याच्या फळीला तेल पाजलं, सुतानं पुसलं, आणि ते सगळे बोळे एका कोऱ्या मडक्यात दाबून भरले. वर वाकळ गुंडाळली. मडकं अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि सगळे लांब बसलो.

काही झालं नाही. ऊन चढलं. गल्लीतली माणसं येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी पान खाल्लं, कुणी हळू आवाजात तंबाखूचा भाव काढला. मडकं होतं तसं होतं. मला ठाऊक होतं की हे दर वेळी पेटत नाही. हवा, दाब, तेलाचं प्रमाण, काय जुळलं तर पेटतं. आज जुळलं नाही तर? मी एका बाईचा हात वाचवायला बसलो होतो आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. आयुष्यात कुठल्या लाकडाकडं मी इतकं टक लावून पाहिलं नसेल.

सावली भिंतीवरून खाली उतरली. देवरशी उठून झोळी चाचपू लागला. तेवढ्यात थोरल्या आक्का म्हणाल्या, "वास येतोय."

मग तो सगळ्यांना आला. वाकळेच्या घडीतून निळसर धूर निघाला, सरळ वर. वारा नव्हता. कुणी हललं नाही. धूर दाट झाला. वाकळेच्या एका बाजूला डाग दिसू लागला, आधी पिवळा, मग तपकिरी, मग काळा. त्या काळ्याच्या कडेनं एक लाल रेघ सरकायला लागली. तिला ज्योत नव्हती, आवाज नव्हता. भरदुपारी, माणसांनी भरलेल्या अंगणात, जवळ कुणी नसताना ती रेघ चालत होती. कारण मला माहीत होतं. तरी मानेवरचे केस उभे राहिले ते राहिलेच. अण्णांनी काठीनं वाकळ ओढली, तसा मडक्याच्या तोंडातून जाळ उसळला. शंकरनं घागर रिकामी केली.

बराच वेळ फक्त पाणी चुरचुरल्याचा आवाज येत होता. मग देवरशी म्हणाला, "सूत तिच्या म्हायेरचं हाय."

माणसांच्या माना हलल्या. त्या एका वाक्यानं सगळं पुन्हा होतं तिथं गेलं असतं. पण थोरल्या आक्का उठून मडक्यापाशी आल्या.

"सूत तिच्या म्हायेरचं," त्या म्हणाल्या, "पर दाबून भरलं मी. घरात ठिवलं मी. जिथं जिथं पेटलं तितं मीच ठिवलंतं." त्यांनी आपल्या हातांकडं पाहिलं आणि अण्णांना विचारलं, "मग जाळ मी लावला व्हय?"

देवरशानं झोळी खांद्याला लावली, कुणाकडं काही न मागता तो निघून गेला. माणसंही एकेक करून पांगली.

सुनेला आणायला आक्का स्वतः गेल्या, पण शेजारच्या उंबऱ्याशीच थांबल्या. शेवंता आपण होऊन बाहेर आली. तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, हसली नाही. भिजलेल्या मडक्यापाशी बसून तिनं ते सूत बोटांनी उकलून बघितलं. मग मला विचारलं, हे नक्की का? मी हो म्हणालो. तिचा विश्वास बसल्यासारखं मला दिसलं नाही.

उरलेलं काम मी पुरं केलं. बोळे पाण्याच्या टाकीत टाकत गेलो. पुन्हा जाळ लागला नाही. पण गाद्या काही माडीवर गेल्या नाहीत. थोरल्या आक्का चुलीपुढं बसेनाशा झाल्या. बंब पेटवायची वेळ आली की दुसऱ्या कुणाला तरी सांगायच्या आणि स्वतः अंगणात येऊन उभ्या राहायच्या. माडीची लाकडं अशी उजळली होती की सागाची रेघन् रेघ दिसत होती. आजवर इतकं सुंदर काम माझ्या हातून फारसं झालं नाही. पण तिथं कौतुक करायला कुणी वर चढलं नाही.

मी बेळगावला परत निघालो त्याच मोटारीत शंकर आणि शेवंता होते. काही दिवस माहेरी सोडतो म्हणाला. ते काही दिवस लांबले. ती निपाणीला पुन्हा नांदायला गेली नाही, पुढं शंकरच शहापूरला येऊन सासऱ्याच्या शेजारी मागावर बसला. हे मला नंतर कळलं.

पेट्रोलच्या टंचाईत मोटारी तेव्हा कोळशावर चालायच्या. तवंदीच्या घाटात दम लागून आमची थांबली. ड्रायव्हर मागच्या टाकीतले निखारे ढवळू लागला, शंकर त्याला हातभार लावायला गेला, बाकीचे उतरून कडेला उभे राहिले. शेवंता माझ्याजवळ आली. एवढ्या दिवसांत ती माझ्याशी आपण होऊन बोलली नव्हती.

"मिस्त्री, येक इचारू का?"

"इचारा की वैनी."

"सासूबाई टाकून बोलल्या की मला राग यायचा. मी मनातल्या मनात म्हनायची, जळू दे हे घर. आन दुसऱ्या दिवशी जळायचं. समदं तेलानं हुतंय म्हनता, मग ते कसं?"

हे ती किती महिने एकटी घेऊन फिरत होती, ते मला तेव्हा कळलं. गल्ली म्हणत होती ते तिनंही धरलं होतं. देवरशाच्या कापराला तिनं मान हलवली होती ती याच्यामुळं.

"वैनी, असं मनात कवा कवा यायचं?"

तिनं खाली दरीकडं पाहिलं. "रोज," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "रोजच यायचं."

"आन जाळ?"

तिचे ओठ हलत होते, ती मनाशी मागचे दिवस चाळत होती. मग फार हळू म्हणाली, "जाळ कवातरी."

आणि ती तिथंच खाली बसली. पदर तोंडात कोंबून, आमच्याकडं पाठ करून रडायला लागली. शंकर धावत आला आणि काय झालं म्हणून मला विचारू लागला. मी म्हणालो, काही नाही, कोळशाचा धूर गेला डोळ्यांत. जरा बसू द्या.